तुम्ही विचारलंत म्हणून: लोक डबे परत आणून देतात का?

एकदाच वापरून फेकायच्या कप-डब्यांऐवजी शहरात परत घेऊन, धुऊन पुन्हा वापरायचे कप-डबे आणायचे म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पण लोक ते परत आणून देतील का?" नगरसेवक विचारतात, दुकानदार विचारतात, पर्यावरणाच्या कामात मुरलेली मंडळीही विचारतात. या प्रश्नात लोकांच्या शिस्तीबद्दलची शंका दडलेली असते. पण परतीचं प्रमाण ठरवणाऱ्या गोष्टी बहुतेक आपल्याच हातात असतात: परतीची पेटी कुठे ठेवली, अनामत घेतली का, आणि ग्राहकाने काही न सांगता त्याच्या हातात काय पडतं. शिवाय "बरेच जण देतात" एवढ्यावर समाधान मानता येत नाही. या कामात ८० टक्के आणि ९५ टक्के यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हिशेब सोपा आहे. न परतणाऱ्यांच्या टक्केवारीने १०० ला भागायचं, की एक कप सरासरी किती वेळा वापरला जातो ते कळतं. निम्मे कप परत आले तर २ वेळा, ८० टक्क्यांना ५ वेळा, ९० ला १०, ९५ ला २०, ९८ ला ५०. टिकाऊ पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या कपात कागदी कपाच्या कितीतरी पट जास्त साहित्य असतं, त्यामुळे दोन-तीन वापरांत तो हरवला तर कागदी कपच परवडला असता. फायदा नेमका कितव्या वापरापासून सुरू होतो, हे साहित्य, धुण्याची वीज आणि वाहतूक यांवर अवलंबून असतं. स्टीलला प्लास्टिकपेक्षा बरेच जास्त फेरे लागतात.

आता हाच हिशेब साठ्याला लावून बघा. समजा, शहरात रोज १,००० कप जातात. एक कप ग्राहकाकडे सरासरी ३ दिवस राहतो, पेटीत १ दिवस, धुण्या-वाळवण्यात १ आणि दुकानाच्या फळीवर १. म्हणजे फेरा ६ दिवसांचा आणि साठा ६,००० चा. सणवार, पाऊस, यंत्राचा बिघाड यांसाठी पाव भाग जादा धरा: ७,५००. बहुतेक अंदाजपत्रकं इथेच थांबतात. पण परतीचा दर ९० टक्के असेल, तर रोज १०० कप गायब होत असतात आणि ७५ दिवसांत सगळ्या खरेदीइतके कप गेलेले असतात. त्याच्या बरंच आधी दुकानदाराकडे कप कमी पडतात, तो गुपचूप पुन्हा कागदी कपांचा गठ्ठा मागवतो, आणि योजना कोणी बंद न करताच बंद पडते. दर ९८ टक्के असेल तर तेवढेच कप जायला वर्षाहून जास्त काळ लागतो. म्हणून पहिल्या खरेदीबरोबरच दर महिन्याच्या भरपाईची तरतूद लिहून ठेवा, आणि तीही अपेक्षेपेक्षा वाईट दर धरून.

प्रत्यक्षात काय होतं? कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा शहरात २०२४ मध्ये तीन महिने तीसहून अधिक उपाहारगृहांनी एकच जांभळा कप वापरला. अनामत नाही, अॅप नाही. ग्राहकाने काही न सांगता तोच कप हातात. दोन लाख वीस हजारांहून अधिक कप परत आले, परतीचा दर ५१ टक्के. पहिल्याच प्रयत्नात, अनामतीविना निम्म्या कपांनी परत यावं, हे मला फार आशादायक वाटतं. कायमस्वरूपी यंत्रणेला मात्र हा दर पुरणार नाही. डेन्मार्कच्या आर्हुस शहरात जानेवारी २०२४ पासून ५ क्रोनर अनामत घेऊन कप दिले जाऊ लागले. रस्त्यातल्या यंत्रात कप टाकला, कार्ड लावलं, की पैसे परत. तिथे दर ८० टक्क्यांच्या वर गेला. आयर्लंडमधल्या किलार्नीत २०२३ मध्ये कॉफीच्या दुकानांनी एकदाच वापरायचे कप एकत्रितपणे सोडले आणि २ युरो अनामत ठेवली.

अनामत किती असावी, यावर खूप वाद होतात. माझं मत: कप किंवा डबा बनवायला लागणाऱ्या खर्चाच्या आसपास. फार कमी ठेवली तर लोक परत देण्याचा कंटाळा करतात आणि प्रत्येक हरवलेल्या कपामागे यंत्रणेला खड्डा पडतो. खर्चापेक्षा जास्त ठेवली तर बाहेरून तसाच कप आणून अनामत काढून घेण्याचा मोह निर्माण होतो. कपावर सुंदर चित्र, कार्यक्रमाचं नाव, तारीख छापू नका. लोक आठवण म्हणून घरी ठेवतात. साधा, ओळखू येणारा, पण शेल्फवर मांडावासा न वाटणारा कप सर्वांत जास्त परत येतो.

अनामतीपेक्षाही मोठा फरक पडतो तो न विचारता काय दिलं जातं याने. जर्मनीत जानेवारी २०२३ पासून ठरावीक आकाराच्या वरच्या विक्रेत्यांना पार्सलसाठी पुनर्वापराचा पर्याय ठेवणं बंधनकारक आहे. पण "पर्याय आहे, मागितला तर देऊ" एवढ्यावर गाडी फार पुढे गेली नाही. रांगेत मागे दहा जण उभे असताना वेगळं काही मागायला कोण थांबणार? त्याच देशातल्या ट्यूबिंगेन शहराने जानेवारी २०२२ पासून फेकायच्या प्रत्येक कप-डब्यावर ५० सेंट आणि चमच्या-काट्यावर २० सेंट कर लावला. एका उपाहारगृहाच्या चालकाने त्याविरुद्ध दाद मागितली. प्रकरण संघराज्याच्या घटना न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात कर वैध ठरला. कर लावणं सर्वच शहरांना शक्य नसतं. तिथे निदान फेकायच्या कपाची किंमत बिलात वेगळ्या ओळीत दाखवायला लावा. पेयाच्या किमतीत दडलेला कप ग्राहकाला फुकट वाटतो.

परतीच्या पेट्या. इथे उत्साह सगळ्यात जास्त आणि विचार सगळ्यात कमी असतो. पेटी लोकांच्या रोजच्या वाटेवर हवी: स्थानकाच्या दाराशी, किराणा दुकानाच्या आत, कार्यालयाच्या तळमजल्यावर, वसतिगृहाच्या जिन्यापाशी. कप परत द्यायला कोणी मुद्दाम गाडी काढून आलं, तर वाचलेलं सगळं इंधनात जातं. पेटीचं तोंड कपाच्या व्यासाइतकं गोल ठेवा. चौकोनी, मोठं तोंड दिसलं की तिची कचरापेटी होते. आत उरलेलं पेय ओतायला वेगळी जाळी हवी, नाहीतर दोन दिवसांत चिलटं येतात आणि शेजारचा दुकानदार पेटी हलवायला सांगतो. कप कसेही टाकले तर पेटी बघता बघता भरते, कारण बरीचशी जागा हवेने व्यापलेली असते. एकात एक बसवत जाणारी उभी नळी लावली आणि प्रत्येक कप मागच्यापेक्षा १५ मिलिमीटर वर राहत असेल, तर १ मीटर उंचीत ६० च्या आसपास कप मावतात. भरून वाहणाऱ्या पेटीपाशी आलेला माणूस कप बाजूच्या कट्ट्यावर ठेवून जातो, आणि तो कप संध्याकाळी झाडूवाल्याच्या गाडीत जातो. पेटी किती वेळा रिकामी होते हे पेट्यांच्या संख्येइतकंच महत्त्वाचं आहे.

धुलाईबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण लोकांचा विश्वास इथे कमावला जातो किंवा गमावला जातो. एका कपावर ओठांच्या रंगाचा पुसट डाग सापडला, की त्या ग्राहकाबरोबर आणखी पाच जण जातात.

दुधाचा थर असलेल्या कपावर सुरुवातीलाच कडक पाणी सोडलं तर प्रथिनं घट्ट होऊन भिंतीला चिकटतात. म्हणून पहिली विसळणी कोमट पाण्याची, ४० अंशांच्या आसपास. मग डिटर्जंटची धुलाई ६० ते ६५ अंशांना. शेवटची विसळणी ८२ अंशांच्या पाण्याने, म्हणजे भांड्याचा पृष्ठभाग ७१ अंशांपर्यंत पोहोचतो. यंत्राच्या पडद्यावर दिसतो तो आकडा पाण्याचा असतो, भांड्याचा नव्हे. भांड्याला चिकटवायची, उष्णतेने रंग बदलणारी पट्टी रोज एकदा यंत्रातून फिरवा.

खरी अडचण धुतल्यानंतर सुरू होते. स्टील आणि चिनी माती उष्णता धरून ठेवतात, त्यामुळे यंत्रातून बाहेर आल्यावर त्यांच्यावरचं पाणी आपोआप उडतं. पातळ प्लास्टिक लगेच थंड होतं आणि पाण्याचे थेंब तसेच राहतात. असे ओलसर कप एकात एक घालून क्रेटमध्ये भरले, की दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो, आठवड्याने बुरशी. यावर तीन गोष्टी लागतात: प्लास्टिकसाठी बनवलेलं विसळणीचं द्रावण, जोराच्या हवेचा झोत आणि वाळायला जागा. धुलाई केंद्राचा आराखडा काढताना यंत्राला जागा दिली जाते, वाळवणीला विसरतात. वाळवणीला यंत्राइतकीच जागा धरा. अस्वच्छ माल एका दाराने आत आणि स्वच्छ माल दुसऱ्या दाराने बाहेर. दोन्हींच्या वाटा कुठेही ओलांडायला नकोत.

क्षमतेचे आकडे वाचताना सावध राहा. समजा, ५०० गुणिले ५०० मिलिमीटरच्या रॅकमध्ये, म्हणजे यंत्रात सरकवायच्या जाळीदार ट्रेमध्ये, कपांसाठी २५ घरं आहेत. यंत्र तासाला ४० रॅक घेतं असं माहितीपत्रक सांगतं. म्हणजे कागदावर तासाला १,००० कप. भरणं, काढणं, वाळवणं आणि तपासणी धरून निम्मं धरा. तपासणीला चांगला पांढरा प्रकाश हवा, आणि आतून बोट फिरवून तेलकटपणा जाणवतो का, हे बघणारा माणूस हवा. शिवाय ठरावीक नमुन्यांवर एटीपीची (सजीव पेशींत असणाऱ्या एका रसायनाची) चाचणी करा. ती जंतू मोजत नाही, पृष्ठभागावर उरलेला जैविक अंश दाखवते. पण काही सेकंदांत उत्तर मिळतं आणि कुठल्या दिवशी धुलाई बिघडली ते त्याच दिवशी कळतं.

डब्यांचं दुखणं वेगळं. तेलात विरघळणारे रंग, हळदीचे किंवा टोमॅटोचे, पॉलिप्रॉपिलीनमध्ये मुरतात आणि कितीही धुतलं तरी जात नाहीत. डबा स्वच्छ असतो, पण पुढचा ग्राहक तो घेत नाही. काहीजण म्हणून आतून काळा डबा निवडतात. मग धुलाईवाल्याला उरलेली घाणही दिसत नाही. मला मध्यम करडा रंग आणि डागाळलेले डबे वेळेवर बाजूला काढण्याचा नियम जास्त भरवशाचा वाटतो. बाजूला काढलेले डबे बनवणाऱ्याने वितळवण्यासाठी परत घ्यायचे, हे खरेदीच्या वेळीच लिहून घ्या. सुरीचे खोल ओरखडे दिसले तरी डबा बाद.

झाकणं सर्वांत आधी हरवतात, वाकतात आणि खोबणीत पाणी धरून ठेवतात. दोन आकारांचे कप आणि दोन आकारांचे डबे, एवढ्यावर थांबा. दोन्ही कपांच्या तोंडाचा व्यास एकच ठेवला तर एकच झाकण दोन्हींना चालतं, आणि दुकानदाराच्या फळीवर एक रकाना वाचतो. झाकणाची वेगळी रबरी कडा असेल तर ती काढून धुवावी लागते. ते काम गर्दीत कोणी करत नाही.

करारात एक कलम हमखास राहून जातं. न परतलेल्या कपांची अनामत कोणाकडे जमा होते? ती यंत्रणा चालवणाऱ्या कंत्राटदाराची कमाई ठरली, तर कप हरवण्यात त्याचा फायदा होतो आणि पेट्या हळूहळू कमी होत जातात. अनामत वेगळ्या खात्यात, देणं म्हणून नोंदवलेली हवी, आणि ठरावीक मुदतीनंतर उरलेली रक्कम फक्त कप भरून काढायला वापरायची. कंत्राटदाराला पैसे परत आलेल्या आणि धुऊन पुन्हा दुकानात पोहोचवलेल्या कपामागे द्या, विकत आणलेल्या कपामागे नको. दुकानदाराला एका फेऱ्यामागे मोजावी लागणारी रक्कम त्याच्या सध्याच्या फेकायच्या कपाच्या किमतीच्या वर गेली, तर कितीही सदिच्छा असली तरी तो टिकणार नाही.

सुरुवात संपूर्ण शहरापासून करू नका. जिथे माणसं येतात आणि त्याच दाराने बाहेर पडतात, अशा जागा आधी घ्या: कार्यालयाचं उपाहारगृह, महाविद्यालय, मैदान, जत्रा. बाहेर जाण्याच्या दाराशी पेटी आणि तिथे एक माणूस उभा, एवढ्यावर तिथे ९५ टक्क्यांच्या वर जाता येतं. धुलाई केंद्राला रोजचं ठरलेलं काम मिळतं आणि त्याच यंत्रावर पुढे रस्त्यावरची दुकानं जोडता येतात. दुकानं घेताना एकमेकांपासून पायी अंतरावरची वीस घ्या. शहरभर विखुरलेली साठ नकोत. कप इथे घेतला आणि तिथे दिला, हे सहज जमलं पाहिजे.

पहिले सहा-आठ आठवडे परतीचा दर जाहीर करण्याची घाई करू नका. त्या काळात प्रत्येक घरात एक-दोन कप साठत असतात; दर खोटा कमी दिसतो आणि वर्तमानपत्रात तोच छापून येतो. प्रत्येक कपावर क्रमांक असेल, तर अमुक आठवड्यात बाहेर गेलेल्यांपैकी किती कप ३० दिवसांत आणि किती ६० दिवसांत आले, असं मोजा. क्रमांक नसतील तर दर महिन्याच्या शेवटी दुकानं, पेट्या आणि धुलाई केंद्रातला माल एकाच दिवशी मोजून खरेदीतून वजा करा. दर अडला, तर जाहिरातीवर खर्च करण्याआधी कुठल्या पेट्यांत सर्वांत कमी कप येतात ते बघा, त्या उचला आणि कप जिथे बेवारस सापडतात तिथे नेऊन ठेवा.