‘ल’ला पाकळी मिळाली: वाचनालयाच्या डेबियनची पुढची नोंद

मंडळी, ल चा प्रश्न सुटला. वाचनालयाच्या संगणकांवर मराठी ल च्या जागी हिंदी वळणाचा ल येत होता. त्याच्यासोबत श सुद्धा. वाचनालयातल्या सगळ्या संगणकांवर, पडद्यावर आणि छापील कागदावरही, आता पाकळीचा ल आणि देठाचा श येतोय. एक कोपरा उरलाय, त्याच्यावर काम चालू आहे.

हे संगणक कुठून आले ते मागच्या नोंदींत आहेच. नव्याने वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणून एका कार्यालयाने सहाव्या-सातव्या पिढीचे आय-फाइव्ह डेस्कटॉप मोडीत काढले आणि ते आमच्या वाचनालयाला मिळाले. ठणठणीत यंत्रं आहेत. प्रत्येकात एसएसडी घातली, डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप चढवला, आणि ८ जीबी रॅमवर ती सुखाने चालतात. रॅम वाढवायची होती, पण २०२५ च्या अखेरीस भाव असे चढले की तो बेत सोडला. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे कारखाने आपल्याकडे वळवले. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. लॅमिंग्टन रोडवर जुनी डीडीआर४ शोधत असाल तर एकच सांगणं: पट्टी घरी आणल्यावर मेमटेस्ट८६ प्लस हा मेमरी तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा, मगच तिच्यावर भरवसा ठेवा. सोबत आलेल्या ॲटमच्या नेटबुकवर डेबियन १२ च ठेवलंय, कारण १३ मध्ये ३२-बिटचा इन्स्टॉलर नाही.

आता मूळ प्रश्न. पुस्तकांच्या पाठीवर लावायच्या लेबलांचा पहिला कागद छापून आला. ग्रंथपाल बाई तो उजेडात धरून म्हणाल्या, “दादा, हा ल आपला नाही. हिंदीच्या पुस्तकातला आहे हा.” अगदी बरोबर. दंडाचा ल आणि गाठीचा श. राज्य शासनाच्या वर्णमालेच्या २०२२ च्या निर्णयातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच मराठीची रूपं आहेत, आणि इथे येणारी मुलं तीच गिरवतात. “वाचता येतंय ना, मग काय झालं?” असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. मराठी वाचनालयाच्या लेबलावर मराठी अक्षर हवं, आणि संगणक ते देऊ शकत असेल तर आपण ते घेतलंच पाहिजे.

युनिकोडमध्ये ल एकच आहे, यू+०९३२. श ही एकच, यू+०९३६. हिंदी ल आणि मराठी ल असे वेगळे कोड नाहीत. दोन्ही आकार फॉन्टच्या पोटात असतात आणि कोणता काढायचा ते ओपनटाइप या फॉन्ट-मानकाच्या ‘लोकल’ नावाच्या सुविधेवर ठरतं: मजकुराची भाषा एमएआर, म्हणजे मराठी, असेल तर मराठी आकार, नाहीतर मूळ आकार. म्हणजे ही भाषा कोणीतरी हार्फबझला, फॉन्टमधले आकार निवडून जुळवणाऱ्या लायब्ररीला, सांगावी लागते. ती कोण सांगतं आणि कुठे गळते, एवढाच काय तो शोध.

पहिला बेत सरळ होता. डेबियनमध्ये लोहित मराठी नावाचं वेगळं पॅकेज आहे. ज्या प्रोग्रामांना भाषा सांगता येत नाही त्यांच्यासाठी त्यात मराठी आकारच मूळ ठेवलेले आहेत. ते बसवलं आणि ल लगेच सुधारला. पण लोहितला ठळक वजन नाही. शीर्षकं ठळक केली की संगणक रेघा फुगवतो आणि लहान लेबलावर जोडाक्षरं भरून येतात. लोहितवर माझं प्रेम आहे. देवनागरी लिनक्सवर नीट दिसू लागली त्यात रेड हॅटच्या पुण्यातल्या लोकांचं मोठं काम आहे, आणि ते विसरायचं नाही. तरी छपाईसाठी मला वजनं हवी होती. एक टाइपचा मुक्ता सात वजनांत मिळतो, नोटो सान्स देवनागरीत नऊ आहेत. लेबलांसाठी नोटो ठरवला.

मग खालून वर तपासत गेलो. चाचणीचा शब्द ‘कलश’, म्हणजे ल आणि श दोन्ही एका फटक्यात. एचबी-शेप या हार्फबझच्याच चाचणी-साधनाला नोटोची फाइल दिली, भाषा हिंदी सांगितली आणि आकारांची नावं पाहिली. मग तीच फाइल, तोच शब्द, भाषा मराठी. दोन नावं बदलली! फॉन्ट चोख, हार्फबझ चोख. दोष वरच्या थरात.

वरचा थर म्हणजे पँगो. जीटीके या खिडक्या-बटणांच्या संचावर बांधलेले सगळे प्रोग्राम अक्षरं त्याच्याकडूनच मांडून घेतात. पँगो मजकुराचे लिपीप्रमाणे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याची भाषा ठरवतो. लोकेलची, म्हणजे संगणकाच्या भाषा-देशाच्या सेटिंगची, भाषा त्या लिपीत लिहिली जात असेल तर ती घेतो. नसेल तर पँगो लँग्वेज आणि लँग्वेज ही दोन पर्यावरण-चलं बघतो. तिथेही काही नसेल तर लिपीची ठरलेली नमुना भाषा घेतो, आणि देवनागरीची नमुना भाषा आहे हिंदी. आमच्या बाईंची एमएस-सीआयटी इंग्रजी मेनूंवर झालेली, त्यांना मेनू इंग्रजीच हवेत, म्हणून लोकेल इंग्रजी-भारत. इंग्रजी काही देवनागरीत लिहीत नाहीत, चलं रिकामी, आणि वाचनालयातला सगळा मराठी मजकूर हिंदी म्हणून मांडला जातोय. मराठीचा संगणक घेऊन बसलेल्या हजारो लोकांकडे आज हेच होत असणार.

उपाय छोटा आणि देखणा आहे. लोकेलचे वेगवेगळे भाग असतात. त्यातला एलसी सीटाइप हा एकच भाग मराठी करा आणि बाकी सगळं इंग्रजी ठेवा. पँगो आपली भाषा नेमकी त्या भागावरून घेतो. आधी मराठी लोकेल तयार करून घ्या. आणि एलसी ऑल कुठे लावलेलं नाही ना ते पाहा, कारण ते सगळ्यांवर मात करतं. बाहेर पडून पुन्हा आत आलो: मेनू इंग्रजी, फाइलींच्या नावांत पाकळीचा ल, माउसपॅड या मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये पाकळीचा ल. लेबलं छापणारा जीलेबल्सही जीटीकेचाच, त्यामुळे लेबलांचा नवा कागद तसाच्या तसा बरोबर आला. बाईंनी त्यातलं ‘ललित’ असलेलं लेबल कापून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.

इथे नोंद संपली असती. पण दुसऱ्याच दिवशी वाचनालयाच्या सचिवांनी वार्षिक सभेची जुनी सूचना लिब्रेऑफिसमध्ये उघडली, आणि दंडाचा ल परत हजर.

हा भाग सगळ्यात चिवट निघाला, म्हणून सविस्तर लिहितो. लिब्रेऑफिस तुमच्या लोकेलवरून देवनागरी मजकुराची भाषा ठरवत नाही, ती फाइलीतच लिहिलेली असते. डॉक्सएक्सची (वर्डची) फाइल म्हणजे आत अनेक फाइली असलेली झिप. ती उघडली की आतल्या एक्सएमएलमध्ये लँग नावाची खूण आहे आणि तिला तीन खाने आहेत. तिसरा खाना बिडी. नाव उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांचं, पण देवनागरीसारख्या गुंतागुंतीच्या लिप्यांची भाषाही तिथेच बसते. आमच्या फाइलींत तिथे हिंदी-भारत होतं. लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या ओडीटी फाइलींतही तेच. इंग्रजी लोकेलवर केलेली साधी ओडीटी उघडून बघा: मजकुरात देवनागरीचं एक अक्षर नसलं तरी तिच्या मूळ शैलीत गुंतागुंतीच्या लिपीची भाषा हिंदी, देश भारत असं लिहिलेलं असतं. जगभर फिरणाऱ्या कितीतरी इंग्रजी फाइलींत हिंदीची ही चिठ्ठी आहे, आणि आपल्या मराठी फाइलींतही.

नव्या फाइलींचं सोपं आहे. पर्यायांत भाषांच्या पानावर जाऊन सीटीएलची (गुंतागुंतीच्या लिप्यांची) भाषा मराठी करायची, कोरा नमुना तसाच जतन करायचा आणि तोच मूळ नमुना ठरवायचा. जुन्या फाइलींसाठी छोटी स्क्रिप्ट लिहिली: झिप उघड, हिंदी-भारतच्या जागी मराठी-भारत घाल, झिप बंद कर. डॉक्सएक्समध्ये मूळ शैलींची फाइल बदलून भागत नाही, कारण मजकुराच्या प्रत्येक तुकड्यालाही स्वतःची लँग असू शकते. मुख्य दस्तऐवज, शीर्षलेख आणि तळटिपा सगळ्यांतून फिरावं लागतं. ओडीटी पुन्हा बांधताना माइमटाइप ही फाइल झिपमध्ये सगळ्यात आधी आणि न दाबता ठेवा, नाहीतर फाइल कसली आहे हे इतर प्रोग्रामांना ओळखता येत नाही.

स्क्रिप्ट चालवणार तेवढ्यात आठवलं, वाचनालयात हिंदी विभागही आहे. त्याच्या याद्या खऱ्याखुऱ्या हिंदीत आहेत. सरसकट बदल केला तर हिंदी वाचकांवर मराठी ल लादला जाईल, आणि ते तितकंच चूक. मग सुचलं: ळ मोजायचा. मराठीचं एक पान ळ शिवाय सहसा लिहून होत नाही आणि हिंदीत तो जवळपास नसतोच. जोडीला ‘आहे’ आणि ‘है’ किती वेळा येतात ते बघायचं. आता स्क्रिप्ट आधी हे मोजते, निकाल स्पष्ट असेल तरच फाइलीला हात लावते, आणि शंका आली तर नाव वेगळ्या यादीत टाकते. शंकेच्या यादीत बहुतेक पुस्तकांच्या द्विभाषिक याद्या आल्या. त्या बाईंच्या शेजारी बसून हाताने केल्या. सचिवांची सूचना आता देठाच्या श ने सजली आहे.

ब्राउझरची तऱ्हा वेगळी. तिथे भाषा पानाच्या लँग खुणेवरून येते. आमची ग्रंथसूची कोहा या खुल्या ग्रंथालय-प्रणालीवर आहे आणि तिचा दर्शनी भाग इंग्रजी, म्हणून सगळ्या पानांची लँग इंग्रजी. मराठी पुस्तकांची नावं त्यात इंग्रजी म्हणून जातात आणि मूळ आकारात उमटतात. फायरफॉक्सला सीएसएसमधली (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांतली) फॉन्ट लँग्वेज ओव्हरराइड ही खूण कळते. कोहाच्या ओपॅक यूजर सीएसएस या खान्यात तिला एमएआर दिलं, ज्या भागाची लँग हिंदी आहे तो वगळला, आणि अख्खी सूची मराठी झाली. हेच घरी फायरफॉक्सच्या स्वतःच्या यूजरकंटेंट फाइलीत घातलंत तर सगळ्या संकेतस्थळांवर लागू होतं. तुम्ही हे वाचताय तेव्हा तुमच्या पडद्यावरचा ल कसा दिसतोय तेही एकदा बघा.

उरलेला कोपरा म्हणजे क्रोमियम. वाचकांसाठी ठेवलेल्या एका संगणकावर तो आहे आणि त्याच्या तिथल्या आवृत्तीत ही खूण लागली नाही. विचार होता की तो काढून फायरफॉक्स ठेवावा. पण हे लिहिताना दुसरा मार्ग दिसतोय: फॉन्टच बदलायचा. फॉन्टटूल्स या साधनाने नोटोचं जीसब, म्हणजे आकार-बदलाच्या नियमांचं, कोष्टक उघडायचं आणि देवनागरीच्या दोन्ही खुणांखाली, देवा आणि देव२, मूळ भाषेच्या जागी एमएआरची भाषा बसवायची. म्हणजे लोहित मराठीचीच कल्पना, पण सगळ्या वजनांसह. ओपन फॉन्ट परवान्यात बदल करायला मोकळीक आहे. नाव राखीव असेल तर बदललेल्या फॉन्टला दुसरं नाव द्यावं लागतं, आणि नसलं तरी द्यावंच, म्हणजे गोंधळ होत नाही. फायरफॉक्सचा बेत बाजूला ठेवून आधी हे करून बघतो.

हे सगळं खुलं आहे म्हणून करता आलं. पँगोचं दस्तऐवजीकरण वाचता आलं, फॉन्ट उघडता आला, फाइलीचा साचा जाहीर आहे म्हणून स्क्रिप्ट लिहिता आली. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइनने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणक लिब्रेऑफिसवर न्यायचं ठरवलं. केरळच्या शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवतात. महाराष्ट्रात राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा हा खुला फॉन्ट दिला आणि आयआयटी मुंबईच्या शोभिकातली देवनागरी त्यावरच उभी राहिली. अशा कामाला पैसा आणि माणसं मिळायला हवीत. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आता सरकारी मराठी संकेतस्थळांच्या प्रत्येक पानावर लँग मराठी असावी एवढी मागणी आपण सगळ्यांनी मिळून करू या. काम एका ओळीचं आहे.

पुढचं काम शोधाचं. ‘वाऱ्यावर’ शोधलं की सूचीतली निम्मी पुस्तकं सापडत नाहीत. जुन्या नोंदींत चंद्रकोरीचा र हा र, हलन्त आणि जोडणारं अदृश्य चिन्ह असा टंकलेला आहे. बाई आता इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे दाबून ऱ घेतात आणि त्याला हलन्त लावतात. दिसायला दोन्ही एकच, पण कोड वेगळे, आणि युनिकोडचं सामान्यीकरण त्यांना एक करत नाही. कोहाचा झेब्रा हा शोध-यंत्रणेचा भाग आयसीयू या युनिकोड लायब्ररीवर चालवला तर त्याच्या साखळीत लिप्यंतराचा नियम घालता येतो. पहिल्या रूपाचं दुसऱ्यात रूपांतर करणारी एक ओळ तिथे घालून सगळी सूची पुन्हा अनुक्रमित करणार आहे. कोणी आधीच केलं असेल तर तो नियम इथे टाका, मी ळ मोजणारी स्क्रिप्ट टाकतो.