जांभई

परवापासून डोक्यातून जातच नाहीये. नानांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो विजूने ग्रुपवर टाकला. सगळे कसे हसतायत, आणि मागच्या रांगेत माझं टक्कल अन् त्याखाली हा एवढा आ वासलेला. लगेच खाली कुणीतरी लिहिलं, 'दादाला झोप आवरेना!' मग हसून लोळणारे पिवळे चेहरे. अकरा.

मी जांभई देत नव्हतो. म्हणजे, नसावी. सुमनचा विषय निघाला होता तेव्हा... जाऊ दे ते.

पण मग तोंड उघडलं कशाला होतं?

रात्री फोटो मोठा करून बघताना चिनी चित्रकार फांग लीजुनचा टकलू आठवला. १९९१-९२चं तैलचित्र, पुढे एक टक्कलवाला जबडा फाकवून उभा, मागे तसलीच टकली मंडळी. डिसेंबर १९९३मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मॅगझीनने ते मुखपृष्ठावर छापलं आणि वर सांगितलं की ही नुसती जांभई नव्हे, चीनला मुक्त करू शकेल असा आक्रोश आहे. बघा! त्याच्या टकलूला आक्रोश, आणि माझ्या वाट्याला अकरा पिवळे चेहरे. घरात आपल्याला कोण ओळखतं म्हणा. साठी जवळ आली की माणूस एकतर पेंगतो, नाहीतर औषध विसरतो, एवढंच धरून चालतात सगळे.

फांग शिकला बीजिंगच्या सेंट्रल अकॅडमी या कला महाविद्यालयात, प्रिंटमेकिंगला, म्हणजे छापचित्रांच्या विभागात. बाहेर पडला १९८९ साली. ते शहर, ते साल, तिआनमेन चौक. पुढचं सांगायला नको. त्या विभागात ज्यांनी शिकवलं त्यातले एक ली हुआ. १९३१मध्ये लेखक लू शुनने शांघायला पोरांसाठी वुडकटचा, म्हणजे लाकूड कोरून त्यावरून चित्र छापण्याचा, वर्ग भरवला, तिथून उठलेल्या लाटेतला माणूस. त्यांचा १९३५चा वुडकट आहे, 'गर्ज, चीन!' खांबाला करकचून बांधलेला उघडा माणूस, डोळ्यांवर पट्टी, हात जवळच्या सुरीकडे चाचपडतोय आणि तोंड सताड उघडं. त्याला कुणी विचारणार नाही, बाबा रे, झोप झाली नाही का? छाप जेमतेम वहीच्या पानाएवढी. फांगचे वुडकट मात्र अवाढव्य. प्लायवूडवर यंत्राने कोरलेले, लांब पट्ट्यांवर छापून शेजारी शेजारी टांगले की भिंत भरते. डोकी तीच, टकली.

वुडकटमध्ये जिथे पटाशी फिरते तिथे पांढरं उमटतं. तोंडातला काळोख म्हणजे हात न लावता सोडलेलं लाकूड. हे कॉलेजात असताना मला पाठ होतं, पण तेव्हा काही वाटलं नव्हतं.

काल रात्री आरशासमोर दोन्ही करून पाहिलं. आधी जांभई, मग ओरडणं. आवाज न काढता, ही झोपली होती. शेजारी शेजारी ठेवले असते तर मला स्वतःला सांगता आलं नसतं कुठलं कुठलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं ते आपोआप, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ती मात्र जांभईच. दीड वाजला होता.

सकाळी विजूचा फोन, "दादा, वाईट वाटलं का रे? काढू का फोटो?"

"राहू दे," म्हटलं. "टक्कल चांगलं चमकलंय."

फांग आपल्या कितीतरी चित्रांना नाव देत बसत नाही, नुसती तारीख टाकतो. २००३.२.१, अशी. मीही फोटो सेव्ह केलाय. खाली परवाची तारीख.