खाडीच्या पाण्यातले फाज मोजताना

फाज मोजायची प्लेट कोरी आली म्हणजे पाण्यात फाज नाहीत असं नाही. ठाण्याच्या खाडीत तर नाहीच. किनाऱ्यालगतच्या समुद्राच्या एका मिलीलिटरमध्ये साधारण १० लाख जिवाणू आणि त्यांच्या दसपट विषाणू असतात. त्यातले बहुतेक फाज, म्हणजे जिवाणूंनाच लागणारे. माणसाला त्यांचा त्रास नाही.

इथला खरा घोळ गाळाचा. फाज मातीच्या कणांना चिकटतात. फिल्टरमधून पाणी जातं आणि ते गाळाबरोबर वरच राहतात. म्हणून ऐरोलीला किंवा वाशीला पाणी घ्यायचं ते भरती पूर्ण होऊन प्रवाह थबकतो तेव्हा. ओहोटीत चिखल ढवळलेला असतो. बाटली तासभर थंडीत उभी ठेवा, वरचं पाणी अलगद काढा, आधी ०.८ आणि मग ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून सोडा. थेट ०.२२ लावलात तर तो लगेच तुंबतो. फिल्टरऐवजी पाण्यातले जिवाणू मारायला क्लोरोफॉर्म टाकायची पळवाट नकोच: पीएम२सारख्या, कवचाच्या आत चरबीचा थर असलेल्या समुद्री फाजांचाही त्यात निकाल लागतो.

यजमान म्हणून, म्हणजे फाज ज्याला लागतील तो जिवाणू म्हणून, त्याच खाडीतला विब्रिओ घ्या, ताजा, वाढीच्या भरात असलेला. शिळ्या कल्चरवर प्लाक, म्हणजे फाजांनी जिवाणू फोडून केलेले स्वच्छ डाग, पुसट येतात. ०.२ मिली कल्चरमध्ये ०.१ मिली गाळलेलं पाणी घालून १० मिनिटं थांबा. मग ०.६ टक्क्यांचं ३ मिली मऊ अगार (गार झालं की थिजणारी जेली), ४६ अंशांवरचं, मिसळून झोबेल मरीन अगार या समुद्री जिवाणूंसाठीच्या खाद्याच्या प्लेटवर ओता. थंड असेल तर गुठळ्या होतात, जास्त गरम असेल तर यजमानच मरतो. पावसाळ्यात आपल्याकडे प्लेटा सुकता सुकत नाहीत, आणि झाकणावरचा एक थेंब पडला की प्लाक ओघळून एकमेकांत मिसळतात.

समजा सकाळी ४२ प्लाक मोजले, म्हणजे मिलीलिटरला ४२०. कुठे ४२० आणि कुठे १ कोटी! प्लेटला फक्त या एका यजमानाचे फाज दिसतात, आणि समुद्रातले बहुतेक जिवाणू प्लेटवर वाढतच नाहीत. तेव्हा या आकड्यावरून खाडीत रोज किती जिवाणू मरतात हे काढू नका. समुद्रात फाज दिवसाला २० ते ४० टक्के जिवाणू फोडतात असा सर्वसाधारण अंदाज आहे. फुटलेल्या पेशीतला कार्बन आणि नायट्रोजन पाण्यात विरघळतो आणि दुसरे जिवाणूच तो खातात. तेवढा घास प्राणिप्लवकांपर्यंत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांपर्यंत, मग मासळीपर्यंत जात नाही. नीलहरित जिवाणूंचे काही फाज तर प्रकाशसंश्लेषणाचं पीएसबीए हे जनुक स्वतःच बाळगतात. फुटेपर्यंत यजमानाची भट्टी पेटती ठेवायची सोय!

एकूण मोजणी हवी तर ०.०२ मायक्रॉनच्या फिल्टरवर सायबर गोल्ड हा चमकणारा रंग लावून फ्लोरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके मोजा. गाळाचे कणही चमकतात, पण ते वेडेवाकडे आणि मोठे. नमुना मात्र फिक्स करून, म्हणजे रसायन घालून टिकवून, नुसता फ्रीजमध्ये ठेवू नका, काही तासांतच आकडा घसरायला लागतो. स्लाइड त्याच दिवशी करा. जमत नसेल तर फिक्स केल्या केल्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा.