रिपोर्टमधला १४ आणि खरा आकडा

आमचा ले-आउट नागपूरच्या रिंगरोडच्या पलीकडे, नळ अजून आला नाही, कॉमन बोरचं पाणी टाकीत चढवतात आणि तेच सगळ्यांच्या घरी. पिल्लू दीड महिन्याचं, माझं दूध पुरेना म्हणून डब्याचं सुरू केलं तर डॉक्टर म्हणाले, बोरचं पाणी आहे ना, आधी नायट्रेट तपासा. सासूबाई म्हणे, बाप्पा, वीस मिनिटं उकळते मी, अजून काय पायजे!

लॅबवाल्याने सांगितल्याप्रमाणे पाच मिनिटं बोर चालू ठेवला, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरली, टिफिनच्या बॅगेत बर्फ कोंबून स्कूटीवर नेली. चार दिवसांनी रिपोर्ट, नायट्रेट १४. आयएस १०५०० मध्ये, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, लिमिट ४५ मिलिग्रॅम लिटरला, मग काय, ले-आउटच्या ग्रुपवर अंगठेच अंगठे.

दोन दिवसांनी कागद परत बघितला तर आकड्यापुढे बारीक अक्षरात 'ॲज एन'. म्हणजे हा आकडा नायट्रेटमधल्या नुसत्या नायट्रोजनचा, पूर्ण नायट्रेट काढायला ४.४३ ने गुणायचं. गुणलं, ६२! लॅबला फोन केला तर पोरगी म्हणते, मॅडम, लिहिलंय ना. लिहिलंय हो, मुंगीच्या पायाएवढं.

डॉक्टरांनी समजावलं, एवढ्या लहान बाळाच्या पोटात ॲसिड कमी, तिथले जंतू नायट्रेटचं नायट्राइट करतात, मग रक्त ऑक्सिजन नीट नेत नाही न बाळ निळं पडतं. आणि उकळल्याने पाणी आटतं पण नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे उलट वाढतं. हे सासूबाईंना कोण सांगणार? मीच सांगितलं, दोन दिवस बोलल्या नाहीत. बोरपासून वीस पावलांवर सेप्टिक टँक आहे, माझा संशय त्याच्यावरच.

तोवर धरमपेठच्या नणंदेकडून नळाचं पाणी कॅन भरून आणलं. मग आरओ बसवला आणि त्याचंही सँपल दिलं, या वेळी फॉर्मवर 'नायट्रेट म्हणूनच आकडा द्या' असं ठळक लिहून. आला २९. लिमिटच्या आत, पण आरओचं पाणी न २९? काहून? मेकॅनिक म्हणे, ताई, चव यावी म्हणून टीडीएसचा, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा, व्हॉल्व्ह थोडा खोलून ठेवला होता. म्हणजे बोरचं पाणी बायपासने मिसळत होतं, त्यावर फक्त यूव्ही, जो जंतू मारतो, नायट्रेटला हात लावत नाही. व्हॉल्व्ह बंद केल्यावर तिसरं सँपल, ८.

ग्रुपवर ६२ टाकला तर एक काका विचारतात, आधी तर १४ होतं ना?