पायाखालची डबी

एप्रिलमधल्या दुपारी दोन ते पाच सोलापुरात रस्त्यावर दिसतो तो एकतर नाइलाजानं निघालेला असतो किंवा ऑर्केस्ट्रातला असतो. आमचा भाचा दुसऱ्या जातीतला. डोक्याला ओला टॉवेल, पाठीवर गिटार, हातात मेंडोलिनची पेटी अशा थाटात तो दारात उभा राहिला. पाणी प्यायच्या आधी खिशातनं एक डबी काढून त्यानं माझ्यापुढं ठेवली.

"मामा, एवढा सोल्डरचा डाग द्या की ओ. जॅक हलला की आवाज जातोय. परवा शो आहे."

डबी साबणदाणीएवढी, पण वजनाला चांगली. वर एक जाडजूड खटका आणि दोन दिवे, लाल आणि हिरवा. कडेला तीन भोकं. एकात गिटार, दुसऱ्यात मेंडोलिन, आणि तिसऱ्यातनं एकच वायर अ‍ॅम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला. खटका पायानं दाबला की मेंडोलिन, परत दाबला की गिटार. याला स्विचर म्हणतात. भाचा 'पेडल' म्हणतो. माझ्या तोंडात अजून 'पायडल'च येतं, आणि पायडल म्हटलं की मला घामच फुटतो, कारण कॉलेजला चार वर्षं या उन्हात सायकल मारलीय.

चार स्क्रू काढून आत बघितलं आणि जरा हिरमोडच झाला. एवढ्या पैशात एवढंच? खटक्याच्या बुडाला नऊ पाय, तीन-तीनच्या तीन ओळी. एक ओळ दोन वाद्यांपैकी एकाला पुढं सोडते. दुसरी उरलेल्याला अर्थला टेकवून गप्प करते, म्हणजे कडेला ठेवलेल्या वाद्याची खुडबुड स्पीकरपर्यंत जात नाही. तिसरी ओळ नुसती दिव्यांसाठी. आवाजाला वीज लागतच नाही. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आत आहे ती फक्त कोण चालू आहे ते कळायला.

हसू नका, पण त्या तिसऱ्या ओळीची किंमत मला विचारा.

नव्वदच्या दशकात मीही ऑर्केस्ट्रात होतो. दिवसा नोकरी, रात्री नाईट. गणपतीत दहा दिवस घरच्यांना आमचं तोंड दिसायचं नाही. मी गिटार वाजवायचो आणि मेंडोलिनही बरी वाजवायचो, हे मालकांच्या चटकन लक्षात आलं. वाद्यं दोन, माणूस एक, म्हणजे पैसेही एकाच नाईटचे. एकदा धीर करून विषय काढला तर म्हणाले, "तुला हात किती आहेत? दोनच ना?" या हिशेबाला उत्तर मला आजपर्यंत सापडलेलं नाही.

अ‍ॅम्प एकच, त्याचं चालू भोकही एकच. गिटारवरनं मेंडोलिनवर जायचं तर आवाज शून्यावर आणा, जॅक उपटा, दुसरा घाला, आवाज चढवा. तेवढ्या वेळात ढोलकीवाला काहीतरी करून दाखवायचा आणि माझ्याकडं डोळे वटारायचा. घाईत आवाज उतरवायचा राहिला तर जॅक काढताना असा 'धडाम्' व्हायचा की पहिल्या रांगेतली पोरं रडायला लागायची.

शेवटी गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं तोड काढली. जिन्यात असतो तो टू-वे स्विच त्यानं लाकडी बोर्डावर बसवला आणि तीन वायरी बाहेर काढल्या. खाली दाबला की गिटार, वर केला की मेंडोलिन. दर वेळी 'टक्' असा मोठ्ठा आवाज यायचा, तो तालात पडेल असं मी बघायचो. पायातलं काढून अंगठ्यानं ते बटण चाचपायचं. दिवा नाही, काही नाही. अंधारात अंगठा सांगेल ते खरं.

हमिंग, म्हणजे स्पीकरमधली विजेची ती अखंड गुणगुण, मात्र त्यानं गेलं नाही. आता बरेच जण हमिंगला नुसता त्रास समजतात, पण त्यालाही सूर असतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते, आणि ५० म्हणजे पेटीवरच्या पांढरी पाचच्या खालच्या सप्तकातल्या सुरापेक्षा केसभर चढं. गायिकेनं तिच्या शेजारची काळी चार धरली की गायिकेचा षड्ज आणि वीज मंडळाचा षड्ज रात्रभर एकमेकांना खेटून, पण न मिळता उभे. पांढरी पाचवाल्या गायकाला निदान तंबोऱ्याचे पैसे वाचल्यासारखं वाटायचं. (मला हमिंग आवडतं असं मी घरी एकदा बोलून गेलो होतो. तेव्हापासून फ्रीजचा आवाज वाढला तरी कुणी माझ्याकडं तक्रार करत नाही.)

तर ती रात्र. एका मंडळाचा कार्यक्रम, समोर गल्ली तुडुंब. पुढचं गाणं मेंडोलिनच्या तुकड्यानं सुरू होणारं, म्हणून मी आधीच बटण वर करून तयार. तेवढ्यात सत्कार निघाला. पाहुणे स्टेजवर आले. शाल, श्रीफळ, हार, फोटोसाठी जरा मागं सरका, अजून जरा सरका. पाहुण्यांचा बूट माझ्या बोर्डावर आला, तिथंच थोडा विसावला आणि निघून गेला. माझं लक्ष नारळाकडं.

वन, टू, थ्री, फोर. मी सुरू. आठ मात्रा, सोळा मात्रा, डोळे मिटून, मान हलवून. ऐकू काय येतंय, तर तारा छेडायच्या पट्टीचं नुसतं टिकटिक टिकटिक. मला वाटलं माझ्यापुढचा मॉनिटर स्पीकर गेला. डोळे उघडले तर साउंडवाला सगळी बटणं पिळतोय आणि स्टँडवर ठेवलेली गिटार मोकळी सुटल्यासारखी घूंऽऽ करायला लागलीय. तेव्हा शेजारच्या की-बोर्डवाल्यानं काय करावं? एक बटण दाबून मेंडोलिनचा आवाज लावला आणि माझा तुकडा जसाच्या तसा वाजवून टाकला. टाळ्या पडल्या. लोक माझ्याकडंच बघत होते, कारण हात माझे हलत होते.

दिवा असता तर हे झालं नसतं. असो.

आईनं तो बोर्ड पहिल्यांदा बघितला तेव्हा मी घरी सराव करत होतो. ती स्वयंपाकघरातनं पदराला हात पुसत बाहेर आली आणि माझ्या अंगठ्याकडं बघत राहिली.

"वाद्याला पाय लावतोस?"

"आई, ते वाद्य नाही. बटण आहे."

"आवाज त्यातनंच जातोय ना?"

विजेचं इतकं सरळ शास्त्र मला कुणी शिकवलं नव्हतं. पाय चुकून पुस्तकाला लागला तरी आपला हात आपोआप कपाळाकडं जातो, तबल्याला लागला तर विचारूच नका. आणि इथं मी दर गाण्याला सहा-सात वेळा, ठरवून. दसऱ्याला गिटार आणि मेंडोलिन पाटावर बसली, हळद-कुंकू, झेंडू. बोर्डाचं काय करायचं यावर आई जरा घुटमळली. मग पाटाखाली, थोडं बाजूला, त्यालाही एक फूल मिळालं.

पेटीचंही असंच काहीसं झालं असणार. विलायतेहून आलेलं हार्मोनियम पायानं भाता मारायचं, खुर्चीवर बसून. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५च्या सुमाराला त्याची हाताच्या भात्याची पेटी केली, म्हणून आपल्याला सतरंजीवर मांडी घालून वाजवता आली. एक हात भात्यात अडकला, पण पाय सुटले. आमच्या नाटकवाल्यांनी मात्र पायाचा ऑर्गन सोडला नाही. पिटात बसून पायांनी हवा भरणारा तो माणूस वरनं ध्यानस्थ दिसायचा, खाली बघितलं तर सायकलवर. आणि लावणीवाल्या बायका? घुंगरं आधी कपाळाला लावतात, मग पायात बांधतात. हे मला त्या दिवशी आईपुढं सुचायला हवं होतं. सुचलं तीस वर्षांनी, आणि आता ऐकायला ती नाही.

पायाचा खरा वस्ताद मात्र मी संगीतात बघितलाच नाही. लहानपणी आम्ही पूर्व भागात भाड्यानं राहायचो. शेजारी एक तेलुगू विणकर आजोबा, सगळी गल्ली त्यांना तात म्हणायची. त्यांच्या बाहेरच्या खोलीत खड्डामाग. जमिनीत खड्डा, त्याच्या काठावर तात बसलेले आणि पाय खाली अंधारात. डावा पाय दाबला की ताण्याचे निम्मे धागे वर, निम्मे खाली. दोरीला हिसका, मधनं धोटा सुर्रकन जायचा. उजवा दाबला की वरचे खाली, खालचे वर, धोटा परत. गप्पा चालू, तोंडात पान, नजर रस्त्यावर. पायांकडं बघताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. दिवाबिवा काही नव्हता.

एकदा ते जेवायला आत गेल्यावर मी खड्ड्यात उतरलो. पाय जेमतेम पुरले. दोन्ही फळ्या एकदम दाबल्या. वाटलं, दुप्पट साडी होईल. धागे जागचे हलले नाहीत, वर कुठंतरी दोरी कचकन ताणली. तात उष्ट्या हातानं धावत आले. मार बसणार म्हणून मी डोळे मिटले, पण त्यांनी खाली वाकून माझा एक पाय धरून बाजूला केला आणि म्हणाले, "ओक्कोक्कटी रा." एकेक, बाळा. मग तसाच उष्टा हात लांब धरून, दुसऱ्या हातानं त्यांनी ती फळी चाचपली आणि कपाळाला लावली. माझा पाय लागला म्हणून, की मागाला दुखलं म्हणून, कोण जाणे. स्वतः तर दिवसातले दहा तास तिच्यावरच पाय ठेवून असायचे.

डाग देऊन झाला. एक वायर नुसती टेकलेली होती, बाकी काही नाही. झाकण लावलं, भाच्यानं दोन्ही वाद्यं जोडली आणि डबी फरशीवर ठेवली. मी वाकून हातानं खटका दाबला. हिरवा दिवा. मेंडोलिन खणखणीत, गिटारपेक्षा जरा बारीक, पण ते त्या पोराचं त्यानं बघावं.

"मामा, पायानं दाबा की. स्टेजवर काय वाकून दाबणाराय?"

चप्पल काढली आणि अंगठ्यानं दाबला. लाल. परत दाबला, हिरवा. भाचा खूश, मीही. तेवढ्यात लाईट गेली. पंखा घरघरत थांबला, अ‍ॅम्प मुका झाला, आणि सगळ्या घरात ती डबी तेवढी हिरवीगार जळत राहिली.

"जॅक काढा मामा, बॅटरी उतरते," भाचा टॉवेलनं वारा घेत म्हणाला.

जॅक काढायला वाकलो. वाकलोच होतो, तर हातही लावून घेतला. भाचा खिडकीतनं शेजारची लाईट गेलीय का ते बघत होता.