सरकारी जमीन, सरकारी परवाना, मग अडवतंय कोण?

सप्टेंबर उजाडला की हा प्रश्न मला हमखास येतो. साताऱ्याचा मावसभाऊ फोनवर विचारतो, इथे अमेरिकेत मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत कुणीतरी विचारतं. "तू वायोमिंगला शिकारीला जातेस म्हणे. जमीन सरकारची, लायसन्सही सरकारचंच. मग आत जाता येत नाही म्हणजे काय?" प्रश्न सरळ आहे. उत्तर मात्र 1862 सालापासून सुरू करावं लागतं, आणि तेवढ्यात रांग पुढे सरकते. तुम्ही विचारलंत म्हणून इथे सगळं एकदा नीट सांगते.

त्याआधी दुसरा प्रश्न मिटवते, कारण तो पाठोपाठ येतोच: "तिकडे शिकार चालते?" चालते. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव कायदा आहे, इथली घडी वेगळी आहे. वन्य प्राणी राज्याच्या ताब्यात, जनतेच्या वतीने. रँचवाल्याच्या कुरणात चरणारा एल्क रँचवाल्याचा नसतो. (रँच म्हणजे गुरं पाळायची मोठी जमीन, एल्क म्हणजे सांबराच्या जातकुळीतलं थोराड हरीण.) राज्य दरवर्षी किती प्राणी मारायचे ते ठरवतं, तेवढेच परवाने काढतं, आणि बाहेरच्या राज्यातल्या माणसाला ते सोडतीत मिळतात. शिवाय शिकारीच्या बंदुका-काडतुसांवर 1937 पासून केंद्राचा कर आहे, बहुतेक मालावर 11 टक्के, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. मी उत्तर कोलोरॅडोत राहते, त्यामुळे शेजारच्या वायोमिंग राज्याची हद्द घरापासून जवळ आणि मी तिथे परकी.

आता जमीन. दक्षिण वायोमिंगचा जमीनमालकीचा नकाशा पाहिलात तर पहिल्यांदा वाटेल, छपाईत काहीतरी गडबड झाली. एक चौकोन पिवळा, एक पांढरा, एक पिवळा, एक पांढरा, शंभर मैल तेच. पिवळे चौकोन केंद्र सरकारचे, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचे, ज्याला सगळे बीएलएम म्हणतात. पांढरे खासगी. प्रत्येक चौकोन एक मैल बाय एक मैल, 640 एकरांचा. याला सेक्शन म्हणतात आणि या सगळ्या पटाला चेकरबोर्ड.

हा पट लिंकनच्या काळातला. 1 जुलै 1862 ला त्यांनी पॅसिफिक रेल्वे कायद्यावर सही केली. देश यादवी युद्धात, तिजोरीत खडखडाट, पण जमीन अफाट. मग रेल्वे कंपनीला रुळांच्या दोन्ही बाजूंचे विषम क्रमांकाचे सेक्शन दिले आणि सम क्रमांकाचे सरकारने ठेवले. सुरुवातीला हा पट्टा रुळांपासून दहा दहा मैलांचा होता, 1864 मध्ये वीस वीस मैलांचा केला. हिशोब असा की रेल्वे आली की सरकारच्या चौकोनांचाही भाव वाढेल, शेतकरी येतील, दोन्ही विकले जातील आणि पट आपोआप पुसला जाईल. आयोवा-नेब्रास्कासारख्या पावसाच्या भागात हे चाललं असतं. वायोमिंगच्या त्या उंच, कोरड्या, वारा खाणाऱ्या माळावर, सरकार एका शेतकऱ्याला देत होतं त्या 160 एकरांत एका कुटुंबाचं पोट भरत नाही. सरकारी चौकोन कुणी घेतलेच नाहीत. रेल्वेचे चौकोन मात्र मोठ्या मेंढीवाल्यांनी आणि गाईवाल्यांनी घेतले. हिशोब त्यांना लगेच कळला: अर्धी जमीन विकत घ्या, उरलेली अर्धी आपोआप तुमच्या मधे अडकते.

इथे तुम्ही म्हणाल, मग सरकारने आपल्या जमिनीपर्यंत रस्ता मागावा. मागितला होता. वायोमिंगच्याच कार्बन काउंटीत सेमिनो नावाचं धरण आहे, तिथे लोकांना जाता यावं म्हणून सरकारने चेकरबोर्डमधून कच्चा रस्ता काढला. लिओ शीप कंपनी कोर्टात गेली आणि 1979 मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. 1862 ला जमीन देताना तुम्ही वाट राखून ठेवल्याचं कुठे लिहिलेलं नाही, म्हणाले. आणि गरज म्हणून वाट द्या म्हणता, तर तुमच्याकडे भूसंपादनाचा अधिकार आहे, पैसे मोजा आणि घ्या.

मावसभावाला हे ऐकून हसू आवरेना. त्याच्या गटाला रस्ता नव्हता तेव्हा त्याने तहसीलदाराकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली अर्ज टाकला होता. शेजाऱ्याच्या बांधावरून वाट मागायचा हक्क साध्या शेतकऱ्यालाही आहे, आणि असलेली वहिवाट कुणी अडवली तर 1906 चा मामलेदार कोर्ट कायदा आहे. निकाल लागायला किती चपला झिजतात ते तुम्हाला मी सांगायला नको, पण निदान दार ठोठावायला जागा आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारला स्वतःच्या लाखो एकरांसाठी बांधावरची वाट मिळाली नाही.

मग उरतो कोपरा. चेकरबोर्डमध्ये चार चौकोन एका बिंदूत भेटतात, दोन सरकारी, दोन खासगी. सरकारीतून सरकारीत तिरकं जायचं तर त्या बिंदूवरून पाऊल टाकायचं. याला कॉर्नर क्रॉसिंग म्हणतात. भूमितीत बिंदूला रुंदी नसते, माणसाला खांदे असतात. पाय दोन्ही वेळा सरकारी मातीवरच पडतो, पण एक खांदा या मालकाच्या हवेतून जातो आणि दुसरा त्या मालकाच्या. हवा कुणाची, हा प्रश्न पन्नासेक वर्षं शिकाऱ्यांच्या, शेरीफच्या आणि वकिलांच्या डोक्याला ताप होता. ऑनएक्स नावाची मोंटानाची नकाशा-ॲपची कंपनी आहे, माझ्यासकट सगळे तेच वापरतात. त्यांनी मोजणी केली तेव्हा पश्चिमेकडच्या राज्यांत केवळ कोपऱ्यांमुळे अडकलेली सरकारी जमीन 83 लाख एकर निघाली, आणि असे कोपरे 27 हजारांवर. ही जमीन पुणे जिल्ह्याच्या दुप्पट भरते.

निकाल लागला तो एल्क माउंटनवर. आय-80 महामार्गाने रॉलिन्स गावाकडे जाताना डावीकडे एकटाच उभा असलेला 11,156 फुटांचा हा डोंगर दिसतो, चुकणं शक्य नाही. त्याच्याभोवतीची रँच उत्तर कॅरोलिनातल्या एका औषध उद्योजकाच्या कंपनीची, आयर्न बार होल्डिंग्जची, आणि रँचच्या पोटात सरकारी सेक्शन. 2020 मध्ये मिझुरीचे काही शिकारी तिथे आले. एका कोपऱ्यावर मालकाने दोन लोखंडी खांब रोवून मधे साखळी लावली होती आणि आत न येण्याची पाटी. त्या कोपऱ्यावर दुसरं कुंपण नव्हतंच. या लोकांनी खांब धरून, गिरकी घेऊन पाय पलीकडे टाकला. पुढच्या वर्षी ते लोखंडी शिडी घेऊन आले: एक पाय या सरकारी चौकोनात, दुसरा त्या, वरून चढून खाली उतरायचं, ना खांबाला हात ना खासगी गवताला बूट. मला या शिडीचं फार कौतुक आहे. कायद्याचा कीस काढायचाच तर तो असा, घरी वेल्डिंग करून.

त्यांच्यावर फौजदारी अतिक्रमणाचा खटला झाला. एप्रिल 2022 मध्ये रॉलिन्सच्या ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं. मालकाने दिवाणी दावाही लावला होता: लोक असे येऊ लागले तर माझ्या रँचची किंमत पडते, म्हणून 70 लाख डॉलरांच्या वर नुकसान झालं. हा आकडा मला त्या सगळ्या खटल्यातला सर्वात प्रामाणिक कागद वाटतो. जी जमीन मालकाची नाहीच, तिच्यात इतरांना येता येत नाही याची किंमत इतके दिवस त्याच्या सातबाऱ्यात धरली जात होती, हे त्यात सरळ लिहिलेलं आहे.

2023 मध्ये जिल्हा न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. मार्च 2025 मध्ये दहाव्या सर्किटच्या, म्हणजे वायोमिंगसह सहा राज्यांच्या विभागाच्या, अपील न्यायालयाने तो कायम केला, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने हात घालायला नकार दिला. अपील न्यायालयाने हवा मालकाची नाही असं म्हटलेलं नाही, हे बरेच जण विसरतात. वायोमिंगच्या कायद्याने हवा त्याचीच, म्हणाले. पण 1885 चा एक केंद्रीय कायदा आहे, बेकायदा कुंपणांविरुद्धचा. काटेरी तार स्वस्त झाल्यावर गुरांच्या मोठ्या मालकांनी सरकारी माळच्या माळ घेरले, तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तो केला. कुंपणाने, धमकीने किंवा इतर कुठल्याही बेकायदा मार्गाने लोकांना सरकारी जमिनीवर शांतपणे जाण्यापासून अडवायचं नाही. अतिक्रमणाचा दावा हाही अडवण्याचाच मार्ग झाला, म्हणून तो चालणार नाही.

या कायद्याचा इतिहास शिडीइतकाच मजेचा आहे. कोलोरॅडोत कॅमफिल्ड नावाच्या माणसाने सगळं कुंपण स्वतःच्या विषम चौकोनांतच घातलं, पण असं वळवून घातलं की आतले सम चौकोन घेरले गेले. माझ्या जमिनीत मी काहीही बांधेन, म्हणाला. 1897 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते काढायला लावलं. पुढे रॉलिन्सजवळ एका रँचवाल्याने 28 मैलांचं कुंपण घातलं. प्राँगहॉर्न, म्हणजे तिथल्या माळावरचे हरणासारखे प्राणी, उंच उडी मारत नाहीत, तारेखालून सरपटत जातात, आणि हे कुंपण तसं जाऊ देणारं नव्हतं. कडक हिवाळ्यात त्यांचं चरायचं रान आत राहिलं, कळप बाहेर. 1988 मध्ये याच दहाव्या सर्किटने याच कायद्याखाली कुंपण मोकळं करायला लावलं. म्हणजे प्राँगहॉर्नांना जो हक्क 1988 ला मिळाला तो माणसांना मिळायला 2025 उजाडलं.

मालकांची बाजू मात्र मी उडवून लावणार नाही. पैसेवाल्या मालकाची नव्हे, त्याला वकील आहेत. पण ज्यांच्या तीन पिढ्या तिथे वासरं सांभाळत आल्या त्यांच्याशी मी फाटकापाशी उभं राहून बोललेली आहे. त्यांचं दुःख खांद्याने कापलेल्या हवेचं नाही. उघडं टाकलेलं फाटक आणि दुसऱ्याच्या कळपात मिसळलेल्या गाई, ओल्या मातीत गाडीने पाडलेले चर जे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तसेच राहतात, वाळक्या गवतातली सिगारेट. हिवाळ्यात त्यांच्या वैरणीच्या गंजीवर एल्कांचा कळप तुटून पडतो तेव्हा कुणी शहरातून मदतीला येत नाही, हेही त्यांनी मला ऐकवलंय, आणि मला उत्तर सुचलं नाही. पण याच लोकांना सरकारी गवत किती स्वस्तात मिळतं तेही पाहा: एक गाय आणि तिचं वासरू महिनाभर चरायला 2025 मध्ये 1.35 डॉलर. हे भाडं गवताचं आहे. फाटकाच्या किल्लीचं नाही.

कोपरे सुटल्याने सगळं सुटलं असं समजू नका. ऑनएक्सच्याच आधीच्या अभ्यासात पश्चिमेकडे सुमारे 95 लाख एकर केंद्रीय जमीन अशी निघाली होती जिथे सार्वजनिक वाटेने पोचताच येत नाही, आणि तिच्यातले कित्येक तुकडे कुठल्याच सरकारी कोपऱ्याला टेकत नाहीत. तिथे शिडीचा उपयोग शून्य. माझं मत विचाराल तर तिथे कोर्टात भांडण्यात अर्थ नाही. 1979 च्या निकालाने सांगितलेला रस्ता कंटाळवाणा पण खरा आहे: पैसे मोजा, पायवाटेचा हक्क विकत घ्या. समुद्रातल्या तेलाच्या उत्पन्नातून जमिनी आणि वाटांसाठी वर्षाला 90 कोटी डॉलर 2020 पासून कायद्यानेच राखून ठेवलेले आहेत. मोंटानात 1985 पासून योजना आहे, शिकाऱ्यांच्या परवान्याच्या पैशातून रँचवाल्याला मोबदला देऊन जमीन खुली करून घेतात. मालक खूश, शिकारी खूश, वकील तेवढे नाराज. सक्तीच्या भूसंपादनाला मात्र माझा विरोध आहे. एका पायवाटेसाठी सरकारने रँचवर बुलडोझर नेला तर पुढची वीस वर्षं एकही फाटक आपणहून उघडणार नाही.

जाता जाता एक तक्रार. एवढं सगळं जमलं, कोपरा ओलांडला, तरी वायोमिंगच्या संरक्षित रानांत, ज्यांना विल्डरनेस म्हणतात, बाहेरच्या राज्याच्या माणसाला गाइडशिवाय मोठी शिकार करता येत नाही. कॅमेरा घेऊन मी एकटी खुशाल जाऊ शकते. रायफल खांद्यावर आली की माझी वाट चुकण्याची शक्यता वाढते, असं राज्याला वाटतं. यात अडवणारा रँचवाला नाही, राज्याचा स्वतःचा कायदा आहे, एवढं मावसभावाला ठासून सांगायचं राहून जातं.

"मग तूही शिडी नेतेस का?" हा शेवटचा प्रश्न. कुंपण आडवं नसेल तर शिडी लागत नाही, लांब पाऊल पुरतं. फोनवर मात्र विसंबायचं नाही, जीपीएस चार-पाच मीटर सहज इकडेतिकडे दाखवतं. जमिनीत मोजणीवाल्यांनी गाडलेली पितळी टोपी असते, तिच्यावर सेक्शनचे आकडे कोरलेले असतात. ती सापडली तर ओलांडायचं, नाही सापडली तर माघारी फिरायचं. आणि हे वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस, ओक्लाहोमा या सहाच राज्यांपुरतं. मोंटाना वेगळ्या सर्किटमध्ये येतं आणि तिथलं वन्यजीव खातं निकालानंतरही सांगतंय की कोपरा ओलांडणं बेकायदा आहे. तिथे मी आदल्या आठवड्यात रँचवर फोन करून परवानगी मागते. कधी मिळते, कधी नाही. मिळाली तर किती गाड्या आणणार आणि फाटक लावून घ्याल ना, एवढंच विचारतात.