उणे ३३०

एका बँकेच्या शाखांमधली विंडोज मशीन पुण्यात बसून सांभाळणं हे माझं काम. प्रत्येक मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरचा क्लायंट, म्हणजे त्याचा मशीनवर चालणारा प्रोग्राम, असतो. कॉन्फिगरेशन मॅनेजरला जुनी माणसं अजून एससीसीएमच म्हणतात. अपडेट टाकणं, सॉफ्टवेअर बसवणं, गरज पडली तर रीस्टार्ट करणं हे सगळं क्लायंटच करतो आणि केलेल्या कामाची नोंद विंडोजच्या आतल्या सीसीएम फोल्डरमध्ये, लॉग्समध्ये, लिहून ठेवतो. कामाच्या प्रकारागणिक फाइल वेगळी.

कोल्हापूरकडच्या एका शाखेत महिन्यातून एकदा, सकाळी दहाच्या सुमारास, काउंटरसमोर रांग लागलेली असताना मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायची. पहिल्या दोन तक्रारी आमच्या हेल्पडेस्कने ‘युजरने स्विच बंद केला’ असा शेरा मारून मिटवल्या. दुसरीला मंजुरी माझी होती. तिसऱ्या वेळी शाखेतल्या मॅडमनी थेट फोन केला. “तुमचा शेरा वर गेलाय. सकाळी मशीनला हात लावतात ते आमचे शिपाईकाका, त्यांना मेमो द्या म्हणून सांगतायत. काका म्हणतात, मी फक्त चालू करतो. काय करू मी?”

मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. विंडोजची नोंदवही दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला, १०७४ नंबरच्या नोंदी काढल्या. मशीन कोणत्या प्रोसेसने बंद केलं ते तिथे लिहिलेलं असतं. तिन्ही वेळा सीसीएमएक्झेक. म्हणजे आमचाच क्लायंट. काकांचा संबंध नव्हता, आणि हे कळायला दोन मिनिटं पुरली.

पण का? आमची मेंटेनन्स विंडो, म्हणजे अशा कामांसाठी राखलेली वेळ, रात्री एक ते पाच. तिच्याबाहेर क्लायंटने रीस्टार्ट करायचंच नाही. उत्तर लॉगमध्ये असणार म्हणून ‘सर्व्हिस विंडो मॅनेजर’, ‘अपडेट्स डिप्लॉयमेंट’, ‘रीबूट कोऑर्डिनेटर’ अशा फायली ओढून घेतल्या. तक्रार माझ्यापर्यंत यायला तीन दिवस गेले होते, आणि बहुतेक फायलींतली सगळ्यात जुनी ओळ मी पाहत होतो त्याच दिवशी पहाटेची निघाली. हवी ती सकाळ पुसली गेली होती.

इथे जरा थांबून सांगतो, कारण हे आमच्यातल्याही कितीतरी जणांना ठाऊक नसतं. मुळात प्रत्येक लॉग २,५०,००० बाइटपर्यंत वाढतो. भरला की तो जुना म्हणून बाजूला पडतो आणि नवा सुरू होतो. अशी जुनी प्रत एकच ठेवली जाते, तिच्या मागची जाते. एरवी एवढ्यात बरेच दिवस मावतात. पण या भागातल्या मशीनवर आमच्याच एका सहकाऱ्याने आधी कधीतरी प्रॉक्सीची भानगड शोधताना रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, लॉगलेव्हल १ चा ० केला होता. शून्य म्हणजे सगळं सविस्तर. काम झालं, पण तो परत एकवर आणायचा राहिला. क्लायंट बारीकसारीक सगळं लिहीत होता, फाइल काही तासांत भरत होती आणि कामाची ओळ कचऱ्याखाली वाहून जात होती. लॉगमधला तपशील वाढवायचा तर जागाही वाढवावी लागते आणि काम संपलं की दोन्ही पूर्ववत करावी लागतात. बदल करणाऱ्याने तो परत कधी काढणार हे लिहून ठेवावं, असा माझा आग्रह आहे. त्यावरून टीममध्ये वाईटपणाही घेतलाय.

मी त्या शाखेच्या मशीनवर लेव्हल १ केली, लॉगमॅक्ससाइज ५२,४२,८८० म्हणजे पाच एमबी केला, लॉगमॅक्सहिस्टरी, म्हणजे जुन्या प्रतींची संख्या, ४ केली आणि एसएमएस एजंट होस्ट ही क्लायंटचीच सर्व्हिस रीस्टार्ट केली. हा आकडा हाताने टाकणार असाल तर रजिस्ट्रीच्या चौकटीत आधी ‘डेसिमल’ निवडा. तिथे हेक्स, म्हणजे सोळाच्या पटीतली मोजणी, तसंच राहिलं तर पाचाऐवजी एकेक फाइल ८६ एमबीपर्यंत फुगते. मग पुढच्या महिन्याच्या अपडेटची वाट पाहत बसलो.

ठरल्यासारखं झालं. सकाळी १०:१२ ला रीस्टार्ट. या वेळी सगळं जागेवर होतं. सर्व्हिस विंडो मॅनेजरमध्ये विंडो स्वच्छ दिसत होती: सुरुवात ६:३०, शेवट १०:३०. मी फाइल नोटपॅडमध्ये उघडली होती. तिथे प्रत्येक ओळीच्या वेळेला यूटीसीशी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेशी, असलेल्या फरकाची शेपटी असते, आपल्याकडे ती उणे ३३०. तीनशे तीस मिनिटं म्हणजे साडेपाच तास. रात्रीचा एक अधिक साडेपाच, सकाळचे साडेसहा! विंडो बनवताना यूटीसीच्या चौकटीत टिक राहिली होती. त्या बदलावर तीन जणांच्या मंजुऱ्या आहेत. वेळापत्रकाचा स्क्रीन उघडून एकानेही पाहिलेला नाही. रात्रीचं काम म्हणून पडद्यावरच्या सूचनाही लपवलेल्या, त्यामुळे काउंटरवरच्या माणसाला काही कळायला वाव नव्हता.

तरी ही एकच शाखा का? मी काकांना फोन लावला. “काका, मशीन किती वाजता चालू करता?”

“पावणेनऊला, साहेब. झाडलोट झाली की समदी लावून ठेवतो. माणसं आली की लगेच कामाला बसत्यात.”

बाकीच्या शाखांत मशीन पावणेदहाच्या पुढे चालू होतात. अपडेटला आम्ही तासाभराचा वेळ धरलेला, आणि विंडोत तेवढा वेळ उरला नसेल तर क्लायंट अपडेटला हात घालत नाही. दुसऱ्या शाखेचा लॉग काढला तर हेच: रनटाइम ३६०० सेकंद, वेळ अपुरा, नकार. म्हणजे ही विंडो लागू असलेल्या गटातल्या बाकी शाखा अपडेटशिवायच चालल्या होत्या आणि कुणाची तक्रार नव्हती. अपडेट मिळत होतं ते फक्त काकांच्या शाखेला, आणि मेमोची वेळ त्यांच्यावर आली.

टिक काढली. विंडोची वेळही बदलावी लागली, कारण रात्री एकला शाखांमधली मशीन बंदच असतात. काकांना सांगितलं की चूक आमची होती. ते म्हणाले, “मग उद्यापासनं उशिरा लावू का?” म्हटलं, नको, तुमच्याच वेळेला लावा.

मॅडमना लेखी खुलासा पाठवला, मेमो टळला. पण बंद झालेल्या तिकिटातला शेरा आमच्या सिस्टिममध्ये बदलता येत नाही. मी विचारून पाहिलं, दोनदा. ‘युजरने स्विच बंद केला’ ही ओळ अजून तिथे आहे आणि तिच्याखाली मंजुरीत माझं नाव आहे.